ठेवीतली कुस्ती

१

हूफडॉर्प या परदेशी गावातल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर रस्त्याकडं आहे आणि बसायची खोली मागं. आपल्याकडच्या उलट. मला ते सोयीचं पडलं. लेकाकडं आले नि मागोमाग साथ आली, विमानं बंद झाली. तेव्हापासून माझं जग म्हणजे ती खिडकी. लेक अश्वजित वरच्या खोलीत कानाला यंत्र लावून दिवसभर कंप्युटरशी बोलायचा. सून धम्मदीपा दुसऱ्या खोलीत. नात मैत्री जिन्यावर, कारण इंटरनेट म्हणे तिथंच चांगलं येतं. खाली मी, भाजी आणि खिडकी.

विमानतळ हाकेच्या अंतरावर. मी आले त्या आठवड्यात विमान गेलं की कपबश्या वाजायच्या. मग आभाळ मुकं झालं. इतकं, की समोरच्या कालव्यात बदकानं बुडी मारली तरी मला कळायचं.

रविवारी दुपारी पलीकडच्या रांगेतली सातोमी खिडकीवरून जायची. जपानी बाई, नवरा इथला. मिटलेली लाल छत्री उंच धरून ती पुढं, आणि तिच्यामागं अंतर राखून दोन-तीन माणसं. लग्नाआधी टोकियोत ती परदेशी पाहुण्यांना सुमो पैलवानांच्या वस्तीतून पायी फिरवायची, त्या कुस्तीचा इतिहास सांगत. तिचा बाप त्या पैलवानांच्या केसांना तेल लावून बुचडे बांधायचा. आता टोकियोला जाता येत नाही, इथं पाहुणे येत नाहीत. मग तिनं काय केलं, टोकियोतली आपली वाट उचलली आणि आमच्या कॉलनीवर अंथरली. बसथांबा म्हणजे तिथलं स्टेशन. कालव्यावरचा लाकडी पूल म्हणजे तिथला मोठा पूल. मुलांच्या झोपाळ्यांची जागा म्हणजे देऊळ. सायकली ठेवायची शेड म्हणजे पैलवानांची तालीम. जे नाही ते दाखवत फिरायचं. माणसं घरात इतकी कंटाळली होती, की तेही बघायला यायची.

मला गंमत वाटायची. शेडपाशी आलं की सातोमी हात वर करायची आणि सगळे वाकून पुढं सरकायचे. दार बुटकं आहे म्हणून. दार कुठलं तिथं! चार खांब आणि वर पत्रा, उंट जाईल एवढं उंच. मी सुनेला हाक मारून दाखवायची, "बघ गं, शहाणी माणसं कशी वाकतात."

मग जूनमधल्या एका रविवारी त्यांच्यात एक बाई आपलं कुत्रं घेऊन आली. तांबूस, आखूड पायांचं, माझ्या गुडघ्याला लागणार नाही एवढं. सगळे शेडपाशी वाकले. आणि कुत्र्यानंही मान खाली घातली, पोट जमिनीला लावलं, आणि सरपटत आत गेलं.

मी विळी बाजूला ठेवली. मनाशी म्हटलं, असेल काही वास. कुत्र्याचं काय खरं.

पण आत गेल्यावर ते उभं राहिलं, आणि एकेका पैलवानाकडं बघावं तसं मान वर करून करून बघत राहिलं.

२

त्याच सुमाराला माझा भाऊ लहू आजारी पडला.

लहू माझ्या पाठचा. आमचं गाव मिरजेकडचं. बाबा आमच्या वस्तीच्या तालमीचे वस्ताद होते. हौदातली माती तांबडी, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. ताक नि हळद घरातून मी न्यायची. पण उंबऱ्यापर्यंतच. बाईमाणसानं हौदात पाय टाकायचा नाही. मातीला हात लावला तर बाबा काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे, ते पुरायचं. त्यामुळं माझी सगळी कुस्ती उंबऱ्यावरून बघितलेली. अक्षर कधी शिकले नाही, पण डाव विचारा. लहूचा शड्डू हजारातून ओळखते. सगळे मांडी एकदा ठोकतात. हा डावी एकदा आणि उजवी दोनदा, घाईघाईत, जेवायला उशीर झाल्यासारखी.

फोन लहूच्या मुलाचा, रविकांतचा.

"जय भीम, आत्या. बाबांना मिरजेला नेलंय. ऑक्सिजन लावलाय."

"मला बोलू दे त्याच्याशी."

"आत सोडत नाहीत आत्या. नर्सबाईंनी फोटो काढून दिलाय, तो पाठवतो."

फोटो आला. तोंडावर मुखवटा, छाती उघडी. एवढा दांडगा गडी, पलंगावर वाळत घातलेल्या धोतरासारखा पडला होता. फक्त उजवा हात ओळखू आला. लहानपणी मनगट मोडलं होतं, हाड वाकडं बसलं, तिथं सुपारीएवढी गाठ आहे.

अश्वजितला म्हटलं, मला पाठव. तो कानातलं यंत्र काढून खाली आला, माझ्याजवळ बसला. "आई, कशानं पाठवू? आणि गेलीस तरी तुला दारात उभं करतील. मामाला दिसणार नाहीस तू."

पुन्हा उंबराच. एवढं आयुष्य काढून, एवढे समुद्र ओलांडून, मी आपली उंबऱ्यावर.

३

मैत्रीनं मला बळंच बाहेर काढलं. "आजी, यू आर जस्ट स्टेअरिंग ॲट द फोन. चल, सातोमीच्या टूरला जाऊ."

"मला तिची भाषा येते का?"

"मी सांगते ना. फ्री आहे."

चारजणांपर्यंत जमायला तेव्हा नुकतीच मोकळीक मिळाली होती. आम्ही तिघीच निघालो. सातोमी मला वाकून नमस्कार करायची, मी तिला हात जोडायची, एवढीच आमची ओळख. चालताना ती इंग्रजीत बोलायची आणि मैत्री मला तिच्या मराठीत सांगायची. ती मराठी म्हणजे अर्धी भाकरी, अर्धा पाव.

पुलावर सातोमी थांबली. म्हणाली, ही मोठी नदी. मी खाली पाहिलं, तर बदक आणि प्लास्टिकची बाटली. झोपाळ्यांपाशी आलो. म्हणाली, फार पूर्वी त्यांच्या गावाला आग लागली. इतकी माणसं गेली, की कोण कुणाचं ते ओळखायलाही कुणी उरलं नाही. त्यांच्यासाठी हे देऊळ बांधलं. आणि पुढं देवळाच्या अंगणात पैलवान लढायला लागले.

"मेलेल्यांसमोर कुस्ती?" मी विचारलं.

मैत्रीनं विचारून सांगितलं, "ती म्हणते, समोर नाही. वर. त्यांच्या वर. पैलवान पाय उचलतो आणि जमिनीवर आपटतो ना, तो एक्सरसाइज नाहीये ओन्ली. खाली जे आहे ते खालीच राहावं म्हणून."

रिकामा झोपाळा हलत होता. मला त्या दिवसांतले आपल्याकडचे फोटो आठवले, रांगेनं पेटलेल्या चितांचे. मी पुढं झाले.

शेडपाशी सातोमीनं हात वर केला. मी मनात म्हटलं, मी नाही वाकणार. पंचाहत्तरीला टेकलेली बाई मी, पत्र्याच्या शेडपुढं कशाला वाकू?

आणि वाकले. कुणी सांगायला लागलं नाही. मानेवर काहीतरी बुटकं, थंड आहे एवढं कळलं आणि मान आपोआप खाली गेली.

आत सायकली होत्या. कुणाच्या हँडलला पिशवी, कुणाच्या मागं मुलाची खुर्ची. पण वास मातीचा होता. ओली, घामानं मळलेली, पायाखाली मुरलेली माती. हळद नव्हती त्यात, ताक नव्हतं. दुसऱ्या कुठल्या तालमीची माती. पण तालमीचीच. तिथं मी चुकायची नाही.

"आजी, स्मेल येतोय?" मैत्रीनं विचारलं.

"कसला?"

"माहीत नाही. स्विमिंग पूलची चेंजिंग रूम, पण ओल्ड."

सातोमी आमच्याकडं बघत होती. हसत नव्हती. एका बाजूला सरकून ती भिंतीला चिकटावं तशी उभी राहिली, आणि डोळे खाली घालून हळूहळू मान वळवत गेली. समोरून एखादं रुंद माणूस जाताना बोळात आपण अंग चोरतो ना, तशी.

४

शेडच्या मागं गवताचा गोल तुकडा आहे. तिथं सातोमीनं बागेला पाणी घालायची हिरवी नळी गोल करून ठेवलेली. ते तिचं मैदान. नळीचं पितळी टोक उन्हात चमकत होतं. मला हसूच आलं.

मैत्री फोटो काढायला आत पाय टाकणार, तोच सातोमीनं श्वास आत ओढला. ओरडली नाही, पण मैत्री जागीच थांबली.

"शी सेज, बायकांनी जायचं नसतं." मैत्रीचं नाक फुगलं. "इट्स अ गार्डन होज, आजी! नळी आहे ती!"

"तू विचार तिला, ती स्वतः जाते का?"

सातोमीनं मान हलवली. जन्मात नाही. बापाचा हात धरून कडेपर्यंत गेलेली, तेवढंच. मी तिच्याकडं बघितलं आणि तिनं माझ्याकडं. दोन उंबऱ्यावरच्या बायका. त्या दिवशी आमची खरी ओळख झाली.

मग तिनं खूप काही सांगितलं. मातीच्या चौथऱ्याच्या पोटात मीठ, तांदूळ पुरतात. कुस्ती कशी सुरू होते, कशी संपते. आणि एक मला फार आवडलं. पूर्वी दोघं तुल्यबळ निघाले, काही केल्या निकाल लागेना, तर पंच मध्ये पडायचा आणि ती कुस्ती ठेवून घ्यायचा.

"ठेवून घ्यायचा म्हणजे? बरोबरीत सोडवायचा?"

"नो, नो. ठेव. जसं तू आजोबांचं घड्याळ ठेवलंयस तसं. कुस्ती संपत नाही, पंचाकडे ठेवलेली असते."

"मग ती परत कधी द्यायची?"

सातोमीनं खांदे उडवले.

शेवटी तिनं लाकडी डबीतून आम्हाला चिमूट चिमूट मीठ दिलं. पैलवान आत शिरायच्या आधी मीठ उधळतो, जागा शुद्ध करतो, तसं आपण उधळायचं आणि घरी जायचं. मैत्रीनं चेंडू टाकावा तसं टाकलं.

माझ्या हातात मीठ आलं.

आता आम्ही बौद्ध माणसं. दीक्षा घेतली तेव्हा मी परकरात होते. बाबांनी देव, भूत, नवस, नजर सगळं एका दिवसात सोडलं आणि आम्हीही सोडलं. फक्त आई, लहू कुस्तीला निघाला की बाबांची पाठ वळायची वाट बघायची. मूठभर मीठ-मोहरी त्याच्यावरून उतरायची आणि चुलीत टाकायची. बाबांना तडतड ऐकू यायची. "झालं का सुरू तुमचं?" म्हणायचे. पण उठून चुलीपर्यंत कधी आले नाहीत.

मीही कशावर विश्वास ठेवत नाही. पण मीठ हातात आलं आणि हात फिरायला लागला. मी फोन काढला, त्यातला लहूचा फोटो काढला, त्याच्यावरून मीठ ओवाळलं. ओवाळताना नाव घ्यायचं असतं, ते आईसारखं घेतलं. "लहू. मिरजेकडचा लहू. वस्तादांचा लहू." उतरलेलं मीठ हातात ठेवत नाहीत. चूल कुठून आणू? समोर ती नळी होती. टाकलं आत.

गवतावर पडलेल्या मिठाचा आवाज होत नाही. पण झाला. घट्ट, थापलेल्या मातीवर पडल्यासारखा.

सातोमी जवळ आली. अंतर वगैरे विसरली. मैत्रीला काहीतरी विचारलं.

"ती विचारते, तू कोणाचं नाव घेतलं?"

"माझ्या भावाचं. का?"

सातोमीनं नळीकडं बघितलं. मग जे बोलली ते मैत्रीनं हसत हसत सांगितलं. तिला त्यात काही वाटलं नाही. "ती म्हणते, मीठ टाकतो तो आत येतो."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना पायाखाली धप् झालं.

एक. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

कालव्यापलीकडं नवी घरं होतायत. इथली सगळी जमीन म्हणजे उपसून काढलेल्या तळ्याचा तळ, मैत्रीला शाळेत शिकवलंय; समुद्र आपल्या डोक्यापेक्षा वर आहे म्हणे. असल्या जमिनीत घर बांधायचं तर आधी लांबच लांब खांब ठोकतात. त्याचं मशीन. मी चहा घेतला.

अश्वजितलाही जाणवलं. "पाइलिंग चालू आहे," तो म्हणाला. त्यानं मशीन म्हटलं की मशीन. पण मशीनचा ठोका सारखा येतो. हा तसा नव्हता. आधी वाट बघायला लावायचा. कुणीतरी पाय बाजूला उचलतंय, खूप वर नेतंय, तिथं तोलून धरतंय, आणि मग सावकाश जमिनीला देतंय. पातेल्यातल्या पाण्याला मधोमध एक वळी उमटायची आणि काठाला येऊन विरायची. भीती वाटायच्या आधी मला त्याचा आदरच वाटला. एवढं वजन, आणि किती सांभाळून ठेवलेलं.

रविकांतचा फोन आला की ऑक्सिजनचा आकडा सांगायचा. आकडा रोज खाली. शनिवारी म्हणाला, "आत्या, बाबा शुद्धीवर नाहीत, पण नुसते झटतायत. पाय रोवतात, मान घालतात, हातात येईल ते धरतात. नर्सबाईंनी विचारलं, पैलवान होते का हे? हात बांधून ठेवलेत शेवटी."

माझे पाय फरशीवर होते, आणि फरशीखालून त्याच वेळी आवाज येत होता. मोठा ठोका एक. आणि त्याला उत्तर द्यावं तसं, बारीक, घाईत, डावीकडं एक आणि उजवीकडं दोन.

मी स्वतःला म्हटलं, गयाबाई, तू म्हातारी झालीस. कानाला जे पाहिजे ते ऐकू येतं. भाऊ मनात आहे म्हणून भाऊ ऐकू येतो.

रविवार उजाडला. रविवारी इथं कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. मशीन चिखलात मान टाकून उभं होतं, खिडकीतून मला दिसत होतं. आणि पायाखाली धप् झालं.

कपाटात कपबश्या वाजल्या. मैत्री जिन्यावरून म्हणाली, "ओह! प्लेन्स परत सुरू झाली?"

आभाळ कोरं होतं.

रविकांतचा फोन वाजला. मी उचलला तर तो रडत होता. "आत्या, डॉक्टर म्हणतात, दमले आता बाबा. संध्याकाळपर्यंत..."

मी चपला घातल्या. आता मला सगळं लख्ख कळलं होतं. माझ्या भावाला मी कुस्तीला उभा केला होता. नाव घेऊन, गाव घेऊन, बापाचं नाव लावून. अंगात ताप असताना. आणि जोड कोण, ते मला माहीत नव्हतं.

६

सातोमी शेडपाशी उभी होती. हातात छत्री, मागं माणसं नाहीत. मला बघून तिनं दोन्ही हात पुढं करून दाखवले. तळवे लाल झाले होते, सोललेले. मग नळीकडं बोट केलं. ओढून बघितली होती तिनं. बागेतली नळी, ती! तिला हलवता आली नव्हती.

मी शेडमधून गेले. वाकले.

नळीच्या आत गवत तसंच होतं. उन्हात हिरवंगार, मध्ये दोन-चार पांढरी फुलं. पण मधोमध गवत दबलेलं. एका बाजूला परातीएवढे दोन खळगे, आणि त्यांत खालून पाणी चढत होतं, तळ्याचं, काळं. समोर दोन लहान. माणसाच्या पावलांएवढे. लहान खळगे माझ्या डोळ्यांदेखत मागं सरकले. गवत आडवं झालं, मुळं तुटल्याचा आवाज आला. टाच नळीपासून हातभर राहिली होती.

बाहेर ढकलला की हरला. एवढं सातोमीनं सांगितलेलं मला आठवत होतं.

आवाज नव्हता कसला. नुसता श्वास. एक मोठा, भात्यासारखा, शांत. आणि एक तुटका, शिट्टी वाजणारा, दमलेल्या लहूचा.

गावच्या मैदानात अशी वेळ आली की बाबा उठायचे. निकालासाठी लोक ओरडत असायचे, पैसे लावलेले असायचे, बाबा कुणाचं ऐकायचे नाहीत. सरळ मध्ये जायचे. आता मध्ये जायला माझे बाबा नव्हते. सातोमीचे नव्हते. उंबऱ्यावर दोन बायका होत्या फक्त.

मी चपला काढल्या. सातोमीनं माझ्या पदराला हात घातला. मी तिच्याकडं बघितलं. तिनं पदर सोडला, आणि खाली गुडघ्यावर बसून कपाळ जमिनीला लावलं.

मी नळी ओलांडली.

पायाखाली गवत नव्हतं. माती होती, घट्ट, गार, आणि आत लांबवर कुठंतरी पाणी. मी तिला हात लावला, कपाळाला लावली. आयुष्यात पहिल्यांदा. मग चालत गेले जिथपर्यंत जायचं होतं, आणि दोन्ही हात पुढं केले.

डाव्या हाताला मनगट लागलं. वाकडं बसलेलं हाड, सुपारीएवढी गाठ. घामानं निसरडं.

उजव्या हाताला जे लागलं ते माझ्या मुठीत मावलं नाही. मी बोटं पसरली, आणखी पसरली, तरी त्याची कड सापडेना. गार, जड, ओल्या शाडूसारखं, त्याला मीठ चिकटलेलं. त्यानं मला नुसतं झटकलं असतं, तर मी विमानतळावर जाऊन पडले असते. त्यानं झटकलं नाही. थांबलं. माझं काय म्हणणं आहे, ते ऐकायला थांबलं.

बाबा म्हणायचे ते शब्द माझ्या तोंडून निघाले, त्यांच्याच आवाजात. "कुस्ती सोडवली! दोन्ही पैलवान मानाचे!" आणि मी दोन्ही हात वर उचलले. डावा चटकन वर आला. उजवा मी उचलूच शकले नसते. तो त्यानं स्वतः वर नेला, हळूहळू, माझा हात बरोबर घेऊन, माझ्या टाचा मातीवरून सुटेपर्यंत.

माझ्यावर सावली होती. ऊन होतं सगळीकडं, आणि माझ्यापुरती सावली. मी वर बघितलं नाही. भीती होती, नाही कशी. पण त्याहून जास्त लाज होती. विहारात मोठ्या मूर्तीपुढं उभं राहिल्यावर आपण पायांकडंच बघतो, तसं झालं मला.

मग टाचा गवताला टेकल्या. हात रिकामे होते. सातोमी नळी गुंडाळत होती. गुंडाळली जात होती.

ती माझ्याकडं बघून एकच शब्द बोलली, जपानी. मला मैत्रीची गरज लागली नाही. तिनं ओंजळ केली, ती माझ्या छातीशी आणली आणि मिटली. ठेव.

७

लहू वाचला. डॉक्टर म्हणाले, अशी माणसं क्वचित फिरतात. अश्वजितनं मला त्याचं औषधाचं कारण समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं, आणि खोटं नाही सांगत, मला ते पटलंही. चार लोकांत मी तेच सांगते.

पायाखालचा आवाज थांबला. विमानं सुरू झाली, कपबश्या विमानांनी वाजायला लागल्या. सातोमी रविवारी छत्री घेऊन जाते, नळी मात्र टाकत नाही. शेडपाशी अजून वाकतात सगळे.

लहू घरी आला, थोडा चालायला लागला, तेव्हा त्यानं स्वतः फोन केला. मी स्वयंपाकघरात खाली बसून परातीत कणीक मळत होते. हात भरलेले, म्हणून मैत्रीनं फोन उचलला, बटण दाबून मोठा आवाज केला आणि माझ्याशेजारी फरशीवर ठेवून गेली.

"काय कराय लागलीयास, आक्का?"

त्याचा आवाज ऐकला आणि माझे डोळे भरले. "कणीक मळतेय. तू जेवलास का?"

"जेवलो. सूनबाई पेज देतीया. पैलवानाला पेज! बघ म्हणजे." दम लागत होता. "आक्का, एक इचारू?"

"विचार की."

"मला सोडवलंस कशाला?"

माझे हात कणकेत थांबले.

"कुणी सोडवलं? औषधानं बरा झालास तू."

"औषध ऱ्हाऊ दे. तुझा हात मला कळत न्हाई व्हय? ताकाचा तांब्या द्यायचीस, तवापासनं वळखतो." तो हसायला लागला आणि खोकला. "अगं, मी मागं सरत होतो ते मुद्दाम. त्याचा भार पुढं आला होता. आणखी एक पकड घेऊ दिली असतीस, तर टांग लावून असा टाकला असता—"

"लहू, गप बस."

"खोटं न्हाई सांगत. एवढा मोठा गडी मी जन्मात बघितला न्हाई, आक्का. काय त्याचं अंग, काय त्याचं उभं ऱ्हाणं! बाबा असते तर त्यास्नी दाखवला असता. पर खालनं मोकळा होता."

"लहू, तुझ्या पाया पडते—"

"त्याला म्हणावं, बरा झालो की येतो मी."

मी कणकेचा हात तसाच फोनवर मारला. बंद होईना. बोट घसरत होतं. लहू पुढं बोलतच होता, हसत होता, आणि त्याचा आवाज फरशीवर पालथ्या पडलेल्या फोनमधून सरळ खाली जात होता.

शेजारच्या पातेल्यातलं पाणी स्वच्छ होतं. त्याच्यात मधोमध एक वळी उमटली आणि काठाला आली.

मग बराच वेळ काही नाही. पाय वर नेलेला होता. तोलून धरलेला होता. मला कळत होतं, की माझ्याकडं जी कुस्तीची ठेव आहे, ती परत देणार का, या माझ्या उत्तराची तो खालचा वाट बघतोय.